शरीराचा आपपरभाव

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ नांवाच्या मासिकांत पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध झाली. इंग्रजांच्या सैन्यांत बैल हांकणारा कावसजी हा टिपू सुलतानाच्या कैदेंत सांपडला असतां त्याचें नाक कापण्यांत आलें होतें. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्याच्या कपाळाची कातडी बेतून कापली, तिचा देठ भुवयांच्या मध्यें शाबूत ठेवला, आणि ती खालीं वळवून तिचें नवें नाक घडविलें. ती कातडी रुजली. ही हकीकत वाचून इंग्लंडांतील शस्त्रवैद्यांचें कुतूहल जागें झालें, व १८१४ सालीं लंडन येथें कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें ह्याच रीतीनें नाक करून दाखविलें.

ह्या गोष्टींतील एक मुद्दा सहज नजरेआड होतो. कावसजीच्या नाकाला लागलेली कातडी कावसजीचीच होती. तीच दुसऱ्या कोणाच्या अंगावरून आणली असती, तर कारागिराचा हात कितीही कुशल असो, थोड्याच आठवड्यांत ती काळवंडून गळून पडली असती. आंब्याच्या एका झाडाची फांदी दुसऱ्या आंब्यावर खुशाल वाढते. मग मनुष्याचें मांस मनुष्यास कां चालूं नये? ह्या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर मिळण्यास विसावें शतक अर्धें उलटावें लागलें, आणि त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग तर शतक संपतां संपतां हातीं आला.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, ऑक्सफर्ड येथील तरुण प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेदावर ह्यांच्या घराजवळ एक विमान कोसळलें. त्यांतील वैमानिक भयंकर भाजला होता. भाजलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःची कातडी फारशी उरत नाहीं, आणि परक्याची टिकत नाहीं, हा पेंच मेदावर ह्यांच्या मनांत घर करून राहिला. पुढें ग्लासगो येथील रुग्णालयांत शस्त्रवैद्य टॉमस गिब्सन ह्यांच्यासह त्यांनीं एका होरपळलेल्या तरुणीच्या जखमांवर तिच्या स्वतःच्या कातडीचे व तिच्या भावाच्या कातडीचे लहान लहान तुकडे लावले. प्रारंभीं दोन्ही प्रकारचे तुकडे रुजले. मग तिचे स्वतःचे वाढूं लागले, भावाचे मात्र नष्ट झाले. कांहीं दिवसांनीं भावाच्या कातडीचे नवे तुकडे लावले, तेव्हां ते पहिल्यापेक्षां पुष्कळच लवकर नाश पावले. हा वृत्तांत १९४३ सालीं प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या खेपेची ही घाई हीच सर्व प्रकरणाची किल्ली ठरली. ज्यास एकदां गोंवर येऊन गेला, त्याचें शरीर त्या रोगाची ओळख ठेवतें व पुन्हां तो शिरूं लागतांच त्यास हुसकून लावतें. भावाच्या कातडीशीं बहिणीच्या शरीरानें अगदीं हेंच वर्तन केलें होतें. म्हणजे परकें मांस नाकारण्याचें काम आणि रोगजंतूंशीं लढण्याचें काम हीं एकाच शक्तीचीं दोन रूपें होत. जी शक्ति मनुष्यास जगविते, तीच त्याला मिळालेलें दान मोडून टाकते.

ह्या शक्तीचे मुख्य शिपाई म्हणजे रक्तांतील लिम्फोसाइट नांवाच्या पांढऱ्या पेशी. मनुष्याच्या बहुतेक प्रत्येक पेशीच्या अंगावर जणुं घराण्याचीं चिन्हें कोरलेलीं असतात. त्यांस एच. एल. ए. असें म्हणतात. फ्रान्समधील झां दोसे ह्यांनीं १९५८ सालीं ह्यांतील पहिल्या चिन्हाचें वर्णन केलें. प्रत्येक अपत्यास ह्या चिन्हांचा एक संच आईकडून व एक बापाकडून मिळतो. त्यामुळें सख्ख्या भावंडांतही दोन्ही संच जुळण्याचा संभव साधारणतः चारांत एक इतकाच असतो. परकें चिन्ह दिसलें म्हणजे टी जातीच्या लिम्फोसाइट त्या अवयवांत शिरून त्याच्या पेशी मारतात. दुसऱ्या जातीच्या पेशी प्रतिपिंडें नांवाचीं द्रव्यें निर्माण करवितात. तीं अवयवाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरास चिकटतात. तेथें दाह होतो, रक्त गोठतें, आणि अवयव उपाशी पडतो. पूर्वीच्या गर्भारपणामुळें किंवा परकें रक्त भरल्यामुळें अशीं प्रतिपिंडें आधींच तयार असतील, तर रोपिलेलें मूत्रपिंड शस्त्रक्रियेच्या मेजावरच काळेंनिळें पडूं शकतें. अमेरिकेंतील पटेल व तेरासाकी ह्यांनीं १९६९ सालीं दाखविलें कीं, दात्याच्या पेशी व रोग्याचें रक्तद्रव आधीं एकत्र करून पाहिल्यास हा धोका ओळखतां येतो. त्यांच्या पाहणींत ह्या परीक्षेंत विरोध दिसूनही रोपिलेल्या ३० मूत्रपिंडांपैकीं २४ तत्काळ निकामी झालीं. विरोध न दिसलेल्या १९५ पैकीं केवळ ८. तेव्हांपासून रोपणापूर्वीं ही परीक्षा करण्याचा प्रघात सर्वत्र पडला.

चिन्हें सर्वस्वीं एक असतील तर काय होतें, ह्याचें उत्तर त्यापूर्वींच मिळालें होतें. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे ह्यांनीं रोनाल्ड हेरिक ह्याचें एक मूत्रपिंड काढून त्याचा मरणोन्मुख जुळा भाऊ रिचर्ड ह्यास बसविलें. आधीं एकाची कातडी दुसऱ्यास लावून हे एकरूप जुळे असल्याची खात्री करून घेण्यांत आली होती. तें मूत्रपिंड तत्काळ काम करूं लागलें व रिचर्ड पुढें आठ वर्षें जगला. परंतु जुळा भाऊ किती जणांस असतो? इतरांसाठीं शरीराचा पहारा सौम्य करणारीं औषधें शोधणें भाग होतें. १९६२ सालीं मरे ह्यांनीं अॅझाथायोप्रिन ह्या औषधाच्या बळावर नात्यांत नसलेल्या मृत दात्याचें मूत्रपिंड वर्षाहून अधिक काळ टिकवून दाखविलें. त्यानंतर नॉर्वेच्या मातींतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हें औषध निघालें, आणि १९७८ सालीं केंब्रिजच्या रॉय कॅलन ह्यांनीं तें प्रथम रोग्यांस दिलें. यकृत व हृदय ह्यांचें रोपण नित्याचें झालें तें मुख्यतः ह्या औषधामुळेंच. मात्र पहारा ढिला केला म्हणजे चोरासही वाट मोकळी होते. असा रोगी जंतूंस लवकर बळी पडतो, कांहीं प्रकारच्या कर्करोगांचा संभव वाढतो, आणि सायक्लोस्पोरिन हें तर ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणार्थ घ्यावयाचें त्यासच हळूहळू अपाय करूं शकतें.

येथवर सर्व दोष परकेपणाचा आहे असेंच कोणासही वाटेल. परंतु १९९५ सालीं तेरासाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील नोंदी तपासून जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांनीं विचारी माणसांस कोड्यांत टाकलें. आईबापांनीं दिलेलीं मूत्रपिंडें तीन वर्षांनंतर शेंकडा ८२ टिकलीं होतीं. मृत दात्यांचीं शेंकडा ७० टिकलीं होतीं. आणि पतीनें पत्नीस किंवा पत्नीनें पतीस दिलेलीं शेंकडा ८५! पतिपत्नींचीं चिन्हें जुळण्यास कांहींच कारण नसतें. ह्या बाबतींत तीं एकमेकांस पूर्ण परकीं असतात. मग परक्याचें दान पोटच्या नात्याइतकें कसें टिकलें? त्या संशोधकांनीं असें अनुमान केलें कीं, जिवंत व धडधाकट माणसाकडून येणारें मूत्रपिंड अक्षत असतें, उलट मृत्यूच्या आघातांतून आलेल्या कांहीं मूत्रपिंडांस आधींच इजा झालेली असते.

ही इजा कशी होते तें समजून घेण्यासारखें आहे. अवयव काढतांच त्याचा रक्तपुरवठा तुटतो व प्राणवायु बंद होतो. पेशींतील शक्तीचा सांठा संपूं लागतो, क्षार व पाणी बाहेर फेकणारी व्यवस्था थांबते, आणि पेशी फुगतात. बर्फांत ठेवून सुमारें ४ अंशांपर्यंत थंड केल्यास हा ऱ्हास पुष्कळ मंदावतो, पण थांबत नाहीं. ह्या साध्या पद्धतीनें हृदय सुमारें ४ ते ६ तास ठेवतां येतें, मूत्रपिंड एक दिवस किंवा थोडें अधिक. विलक्षण गोष्ट अशी कीं, मोठी हानि रक्त पुन्हां सुरू होतांच घडते. उपाशी पेशींत अचानक प्राणवायु शिरला म्हणजे त्याचीं अति तीव्र रूपें निर्माण होतात, व तीं पेशींचें आवरण जाळूं लागतात. अनेक दिवसांच्या उपाशी माणसापुढें एकदम पक्वान्नांचें ताट ठेवावें, तसाच हा प्रकार होय.

फुटलेल्या पेशींतून जीं द्रव्यें बाहेर सांडतात, तीं शरीरास संकटाच्या घंटेप्रमाणें ऐकूं येतात. अवयवांत हेरांसारख्या शाखायुक्त पेशी असतात. घंटा ऐकतांच त्या जाग्या होतात, परकीं चिन्हें घेऊन जवळच्या लसीकाग्रंथींत जातात, आणि तेथें टी पेशींस तीं दाखवून चेतवितात. १९९४ सालीं पॉली मॅट्झिंगर ह्या विदुषीनें असा विचार मांडला कीं, शरीर केवळ ‘आपला’ व ‘परका’ एवढेंच पाहत नसून ‘येथें धोका आहे काय’ हेंही पाहतें. त्याच वर्षीं जर्मनींतील वॉल्टर लँड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त पुन्हां सोडतांना प्राणवायूचा हा दाह शमविणारें द्रव्य ज्या रोग्यांस दिलें, त्यांच्यांत तीव्र नकाराचें प्रमाण शेंकडा १८.५ होतें, ज्यांस तें दिलें नाहीं त्यांच्यांत ३३.३. परकेपणा दोहोंकडे सारखाच होता. फरक होता तो इजेचा.

अर्थात् परकेपणा खोटा ठरला असें नव्हे. चिन्हांचें महत्त्व आजही आहे, औषधें आजन्म घ्यावीच लागतात, आणि कित्येक रोपिलेले अवयव वर्षांनुवर्षें चाललेल्या प्रतिपिंडांच्या मंद माऱ्यानें अखेर निबर होऊन निकामी होतात. परंतु चिन्हें बदलणें कोणाच्या हातीं नाहीं; इजा कमी करणें मात्र माणसाच्या हातीं आहे. म्हणूनच आतां अवयव नुसता बर्फांत न ठेवतां यंत्राच्या साह्यानें त्यांतून द्रव किंवा ऊन रक्त खेळतें ठेवण्याची पद्धति रूढ होत आहे. यूरोपांत यकृतावर केलेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, शरीराच्या उष्णतेइतक्या रक्तावर पोसलेल्या यकृतांची इजा बर्फांतल्या यकृतांच्या मानानें निम्मीच आढळली.

भारतांत १९९४ च्या कायद्यानें मेंदूचा मृत्यु हा मृत्यु मानला गेला व अशा व्यक्तीच्या अवयवांचें दान शक्य झालें. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर कधीं कधीं पोलीस सारी रहदारी थोपवून धरतात आणि एक रुग्णवाहिका मोकळ्या मार्गानें वेगानें निघून जाते. खोळंबलेल्या माणसास त्या वेळीं त्रास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्या गाडींतील पेटींत एका शोकाकुल कुटुंबानें दिलेलें दान असतें, आणि तें जितकें अक्षत पोंचेल तितकी परक्या शरीराची घंटा हळू वाजेल. तीं वांचलेलीं कांहीं मिनिटें पुढें कोणा रोग्याच्या आयुष्यांत वर्षें होऊन जमा होतात.