सांगाडा कापायचा, पण कशानं?

आगीनगाडीच्या इंजिनाचं चित्र काढायला सांगितलं, तर तुम्ही आधी काय काढाल? बॉयलर, त्यावर धुराडं, मग चाकं. होय ना? कारखान्यात मात्र इंजिन बांधायला घेतलं की यातलं काहीच आधी येत नाही. आधी उभा राहतो तो सांगाडा. पुष्कळ जुन्या इंजिनांत सांगाडा म्हणजे पोलादाच्या दोन लांबलचक, उभ्या पाट्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. चाकांचे आस या पाट्यांमध्ये बसतात आणि बॉयलर त्यांच्यावर. चित्रात त्या फारशा दिसत नाहीत, पण सगळा भार त्यांच्यावर!

घरच्या घरी धातूचं लहानसं इंजिन करायचं असेल, तरी आरंभ इथूनच. आणि घोडं पेंड खातं तेही इथंच. पुठ्ठा कात्रीनं कापता येतो, जाड पितळ कसं कापायचं?

माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलाला सुट्टीत असं इंजिन करायचं होतं. पुठ्ठ्याचं करून झालं होतं, काड्यांचं झालं होतं, आता पितळेचं. मला म्हणाला, "बाई, काकांच्या दुकानात ग्राइंडर आहे. दोन मिनिटांत कापून होईल!"

होईल की! पण त्याबरोबर आणखी काय काय कापलं जाईल, ते सांगता येत नाही. मी त्याला एक गणित घातलं. तुम्हीही वहीत करून पाहा. लहान ग्राइंडरची चकती १०० मिलिमीटर व्यासाची असते आणि ती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. तर चकतीची कड तासाला किती किलोमीटर पळते? परीघ ३१४ मिलिमीटर. त्याला ११,००० नं गुणा, मग ६० नं गुणा. उत्तर येतं २०७ किलोमीटर! एवढ्या वेगानं पळणारी चकती पातळ पत्र्यात अडकली, तर पत्रा तरी उडतो, चकती तरी फुटते, नाहीतर ग्राइंडरच हातातून उसळतो. मोठे कारागीर तो वापरतात ते जाड लोखंडासाठी, काम घट्ट बांधून आणि तोंडासमोर काच लावून. वीतभर पितळी पाटीसाठी ते यंत्र नकोच.

"मग कशानं कापू?" त्यानं पडेल आवाजात विचारलं. प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो. कापायचं काय, आणि ते किती जाड?

आपली ओळखीची गाडी घेऊ. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या रुळांमधलं अंतर २ फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. ३२ मिलिमीटरच्या रुळांवर तशा गाडीची प्रतिकृती चालवायची, तर प्रत्येक माप सुमारे १९ पटींनी लहान करायचं. इंजिन साधारण फूटभर लांब होतं. (पण पहिलंच इंजिन माथेरानचं करू नका हं! तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनांची टोकाची चाकं वळणावर बाजूला सरकायची. तसला सांगाडा अवघड. चार चाकांचं साधं इंजिन घ्या.) एवढ्या इंजिनाच्या सांगाड्याला १६ गेजचा पितळी पत्रा चांगला. दुकानात 'सोळा गेज' असंच मागायचं. जाडी १.६ मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे ध्यानात असू द्या, नाहीतर २० गेजचा आणाल आणि तो वाकेल.

आता हत्यारं.

पत्रा कापायची कात्री घरात असली तरी बाजूला ठेवा. ती पातळ डब्याच्या पत्र्याला ठीक. १६ गेजच्या पाटीला ती कड वाकवून ठेवते आणि वाकलेली पाटी पुन्हा सपाट करणं महाकर्मकठीण.

राहिली हॅक्सॉ करवत. ती हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते, पण पातं विचारून घ्यायचं. इंचाला १८ दाते, २४ दाते, ३२ दाते अशी पाती असतात. नियम असा, की कापताना धातूच्या जाडीत निदान तीन दाते मावले पाहिजेत. तेवढे मावले नाहीत तर पत्र्याची कड दोन दात्यांच्या फटीत शिरते, करवत गचका देते आणि हात सटकतो. किंवा दाते तुटतात. आता मोजा. ३२ दात्यांच्या पात्यात एका दात्याला सुमारे ०.८ मिलिमीटर जागा लागते. आपला पत्रा १.६ चा. म्हणजे दोनच दाते! सगळ्यांत बारीक पातं आणलं तरी नियमात बसत नाही.

इथं एक जुनी युक्ती कामी येते. इंजिनाच्या कारखान्यांत सांगाड्याच्या पोलादी पाट्या एकेक करून कापत नसत. बऱ्याच पाट्या एकावर एक रचायच्या, बांधायच्या आणि यंत्रावर एकदमच कापायच्या, म्हणजे सगळ्या हुबेहूब सारख्या. आपणही डावी आणि उजवी पाटी एकत्र बांधून कापायची. १.६ आणि १.६, झाले ३.२ मिलिमीटर. दाते मावले चार! करवत गुमान चालते. शिवाय खरा फायदा निराळाच आहे. आसाची भोकं दोन्ही पाट्यांत एकदमच पडतात. ती वेगवेगळी पाडली आणि अर्ध्या मिलिमीटरचा जरी फरक राहिला, तर चाकांना जोडणारा दांडा अडकतो आणि इंजिन लंगडत चालतं.

पाट्या बांधायला डिंक पुरत नाही. दोन्ही पत्रे लाकडी फळीवर सी-क्लॅम्पनं आवळा, दोन भोकं पाडा आणि त्यांत नट-बोल्ट घाला. भोकं पाडण्यापूर्वी सेंटर पंचानं खूण करायची, म्हणजे ड्रिल घसरत नाही. पितळ ड्रिलला अचानक धरून ठेवतं, बरं का! हातात पकडलेला पत्रा मग पंख्यासारखा गरगरतो आणि बोटं सोलतो. म्हणून पत्रा हातात धरून भोक पाडायचंच नाही. मला विचाराल तर विजेच्या ड्रिलपेक्षा हातानं फिरवायचं ड्रिल बरं. हातमोजे इथं घालू नका, फिरत्या ड्रिलमध्ये ते गुंडाळले जातात.

हॅक्सॉनं सरळ रेघा कापायच्या, त्याही आखलेल्या रेघेच्या मिलिमीटरभर बाहेरून. पात्याचे दाते पुढच्या दिशेला हवेत, कारण ही करवत ढकलताना कापते. मात्र सांगाड्याला खाचा असतात, गोलाई असते, मध्येच खिडक्या असतात. तिथं हॅक्सॉ वळत नाही. तिथं सोनाराची करवत लागते. दुकानात 'पिअर्सिंग सॉ' म्हणून मागा. तिचं पातं सुतळीपेक्षा बारीक. आधी भोक पाडायचं, पात्याचं एक टोक सोडवून भोकातून ओवायचं, पुन्हा कमानीत आवळायचं आणि आतली खिडकी कापून काढायची. पातं ताणून बसवलं की बोटानं छेडल्यावर टिंग वाजलं पाहिजे. ढब्ब आवाज आला तर ते ढिलं आहे, तुटणार. हिचे दाते खाली, मुठीकडे असतात, कारण ही ओढताना कापते. टेबलाच्या कडेला एक फळी क्लॅम्पनं बसवा, तिला व्ही अक्षरासारखी खाच पाडा, पाटी तिच्यावर आडवी ठेवा आणि करवत उभी धरून वरखाली चालवा. पात्याला अधूनमधून मेणबत्ती घासा. कोपरा आला तर जोर न लावता जागच्या जागी वरखाली करत हळूहळू वळवा.

तरीही पाती तुटतील. सोनारांचीही तुटतात. ती डझनावर मिळतात ते उगाच नाही. आमच्या दोन पाट्यांच्या थराला १ नंबरचं पातं पुरे होतं. शून्यांची संख्या वाढत जाते तशी पाती आणखी नाजूक होतात, ती पातळ पत्र्यासाठी. तुटलेलं टोक उडतं, म्हणून डोळ्यांवर प्लॅस्टिकचा संरक्षक चष्मा हवाच. नंबरचा चष्मा त्याऐवजी चालत नाही, बाजूनं तुकडा आत येऊ शकतो. आणि हे सगळं घरातलं मोठं माणूस शेजारी असताना.

लंडनला १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं नियतकालिक सुरू झालं. घरी इंजिनं करणाऱ्यांसाठी! त्या काळी घरोघरी वीज नव्हती. हातकरवत, कानस आणि व्हाइस यांवर सांगाडे उभे राहिले आणि धावलेसुद्धा.

व्हाइस म्हणजे आपला शेगडा. पैसे थोडे असतील तर आधी त्याच्यावर खर्च करा, करवतीवर नंतर. पाटी हलली की स्वस्त काय आणि महाग काय, कुठलीही करवत घसरणार. कापायची रेघ जबड्यांच्या अगदी जवळ ठेवा. उंच धरलेली पाटी थरथरते आणि किंचाळते. जबड्यांचे वळ पितळेवर उठू नयेत म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या कोनाचे दोन तुकडे मध्ये घाला.

शेवटी कानस. पितळेला नवी कानस हवी. लोखंडावर घासून बोथट झालेली पितळेवर नुसती घसरते. तिच्या टोकदार शेपटाला लाकडी मूठ बसवल्याशिवाय हातात घेऊ नका, ते सरळ तळव्यात घुसतं. रेघेपर्यंत घासत या आणि कडा बोथट करा. पितळेचा कीस हातानं किंवा फुंकरीनं झाडायचा नाही, ब्रशनं गोळा करायचा.

मग बोल्ट काढा, पाट्या सुट्या करा, मधले आडवे तुकडे स्क्रूनं बसवा, आस आणि चाकं घाला आणि सांगाडा आरशावर उभा करा. प्रत्येक चाकाखाली वहीच्या कागदाची पट्टी सरकवून हलकेच ओढा. चारही पट्ट्या सारख्याच अडायला हव्यात. एखादी सुळकन निघून आली तर ते चाक अधांतरी आहे. स्क्रू ढिले करा, सांगाडा आरशावरच अलगद दाबून धरा आणि तसाच धरून पुन्हा आवळा.