वृद्धाश्रमात रात्री कोण जागे असते?

वृद्धाश्रम म्हटले की आपल्या वस्तीतली माणसे अजूनही कानांवर हात ठेवतात. ‘आईबापाला टाकून आले’ हे वाक्य तयारच असते. ज्यांच्या घरी चार खोल्या आहेत आणि दिवसभर घरात असणारे माणूस आहे, त्यांनी खुशाल तसे म्हणावे. पडेगाव, भावसिंगपुरा, छावणी, मिटमिटा या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांची परिस्थिती निराळी आहे. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसे, वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर तीन पाळ्यांची नोकरी आणि कोपऱ्यातल्या खाटेवर उठता न येणारी म्हातारी. अशा घराने म्हातारीला चांगल्या ठिकाणी ठेवले तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे? मात्र ते ठिकाण चांगले आहे की नाही हे कसे ओळखायचे, हे आपल्याला कोणी शिकविलेले नाही. शाळा पाहायची आपल्याला सवय आहे, सोयरीक पाहायची तर फारच सवय आहे. वृद्धाश्रम पाहायची नाही.

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो पडेगावातील एका घरातून. सासूचे वय अठ्ठ्याहत्तर. मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले. घाटीत ऑपरेशन झाले, पण आजी पुन्हा चालती झाली नाही. मुलगा पूर्वीच वारलेला. सून कंपनीत पॅकिंगच्या कामावर, नात बारावीला. नातेवाइकांनी बसून ठरविले की पोरीने कॉलेज सोडावे आणि आजीजवळ बसावे. सून आमच्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, पोरीचं शिक्षण बुडवू का सासूला टाकू, तुमीच सांगा.” मुलीचे शिक्षण थांबवा असे सांगणे आमच्या तोंडून शक्य नव्हते. तेव्हा आम्ही, आमचे एक सहकारी आणि महिला मंडळाच्या दोघी अशा चौघांनी मिळून शहरात आणि शहराबाहेर तीन ठिकाणे पाहिली. त्यांची नावे येथे देत नाही. एका भेटीवरून कोणाची अब्रू काढणे किंवा कोणाला शाबासकी देणे दोन्ही बरोबर नाही.

संभाजीनगरात वृद्धाश्रम म्हटले की लोकांना प्रथम पैठण रस्त्यावरचा मातोश्री वृद्धाश्रम आठवतो. १९९५ साली राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली, त्यातला तो. त्याआधी १९६३ पासून स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची योजना होतीच. पण शासनाच्या बहुतेक योजना चालत्याफिरत्या, निराधार वृद्धांसाठी आहेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेणारी ठिकाणे खाजगी, आणि तीही थोडी. आपल्या आजीचा प्रश्न तोच होता.

पाहणीला निघण्यापूर्वी कसोटी कोणती लावायची यावर आमच्यात चर्चा झाली. कोणी म्हणाले इमारत पाहा, कोणी म्हणाले जेवण पाहा. आम्हाला विनयपिटकातील महावग्ग आठवला. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागतांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. तुझी सेवा कोणी का करीत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून. पुढे भगवंतांनी भिक्खूसंघाला सुनावले, की तुम्हाला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे सांगितली आहेत. त्याला औषध तयार करून देता यावे. रोग्याला काय चालते, काय चालत नाही हे कळावे. सेवा मैत्रीने करावी, लाभाच्या लोभाने नव्हे. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस वाटू नये. आणि वेळ पाहून धम्माच्या गोष्टी बोलून रोग्याचे मन उभारता यावे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आहे, पण रंगीत माहितीपत्रकापेक्षा ती आम्हाला जास्त उपयोगी पडली. चौथे लक्षण तर पहिल्या ठिकाणीच उपयोगी पडले.

ते ठिकाण दिसायला तिन्हींत सुंदर. चकचकीत फरशी, कुंड्या, भिंतीवर देणगीदारांची नावे. कार्यालयात चहा मिळाला. महिला मंडळाच्या ताई चहा न घेता सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि एका आजीच्या पायथ्याशी बसल्या. ओठ कोरडे दिसले म्हणून पाणी देऊ केले तर आजी म्हणाली, “नगं बाई, म्या पानी कमीच पेते. रातच्याला संडासला न्यायला कोन उठंल?”

या एका वाक्यात त्या संस्थेचा सगळा कारभार आला. म्हाताऱ्या माणसाला तहान मुळातच कमी लागते. त्यात लघवीच्या भीतीने पाणी तोडले की लघवीचा दाह होतो, बद्धकोष्ठ होते, चक्कर येऊन पडणे होते, कधी माणूस असंबद्ध बोलू लागते आणि मग सगळे म्हणतात, म्हातारीला वेड लागले. फरशी कितीही चकचकीत असो, पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे का, आणि हाक मारली तर कोणी येते का, हे पाहावे. आम्ही तेथे पलंगाजवळची घंटा दाबून पाहिली. वाजली नाही. सेल संपले असतील असे व्यवस्थापक म्हणाले.

आम्ही पडलो कारकून. माणसांच्या चेहऱ्यापेक्षा रजिस्टर आम्हाला लवकर वाचता येते. म्हणून प्रत्येक ठिकाणी आम्ही आयांची संख्या विचारली आणि तेथेच हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्यात ४८ तास काम करतो. म्हणजे एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसे लागतात, रजा आणि आजारपण धरून चार. तीस वृद्धांच्या आश्रमात कोणत्याही वेळी दोघी आया हजर पाहिजेत असे धरले तर पगारपत्रकावर आठ नावे हवीत. दुसऱ्या ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले, “चोवीस तास स्टाफ असतो.” आया किती, तर चार. त्यांतल्या दोघी स्वयंपाकही करतात. मग रात्री तीस जणांसाठी कोण जागे असते? उत्तर मिळाले, वॉचमन. वॉचमन म्हातारीची कूस बदलत नाही, लुगडेही बदलत नाही.

कूस बदलण्याचे महत्त्व आपल्या लोकांना नीट कळले पाहिजे. न हलणारे माणूस एकाच अंगावर पडून राहिले की माकडहाड, टाचा आणि खुबे येथे कातडीवर दाब येऊन रक्त पोहोचत नाही. आधी लाली येते, मग कातडी फाटते, मग जखम आतपर्यंत जाते. यालाच बेडसोअर म्हणतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, अंथरूण कोरडे ठेवणे, जेवणात डाळ-अंडे असणे, हवेची गादी असल्यास उत्तम, एवढ्याने बऱ्याच जखमा टळतात. दोन तासांनी म्हणजे रात्रीही दोन तासांनी. म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारले, कूस बदलल्याची नोंद कोठे करता? तिसऱ्या ठिकाणी आयाने भिंतीवर खिळ्याला अडकविलेली वही काढून दिली. अक्षर वाकडे, शाई वेगवेगळी, मधे तेलाचे डाग. मनाला समाधान वाटले. सगळा महिना एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेली वही दिसली तर ती शनिवारी बसून लिहिली आहे असे समजावे. आम्ही ऑफिसात तीस दिवसांची हजेरी एका दिवसात भरलेली पाहिली आहे.

संस्था धर्मादाय न्यास असेल तर तिचे हिशेब दरवर्षी तपासले जाऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेले पाहिजेत. ताळेबंद मागण्यात संकोच कसला? धान्य, औषधे आणि पगार यांवर किती गेले आणि बांधकाम, समारंभ, जाहिरात यांवर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुष्कळ कळते. तसेच आजीचे पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाजवळ राहणार, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे. श्रावणबाळ योजनेचे पैसे २०२३ पासून दरमहा १५०० झाले आहेत. अंगठा उठविणाऱ्या म्हातारीच्या बाबतीत ही रक्कम लहान नाही.

एक गोष्ट आपल्यापुरती. दुसऱ्या ठिकाणी अर्ज भरताना आडनाव दोनदा विचारले गेले आणि दुसऱ्यांदा विचारताना आवाज बदलला. आम्ही काही बोललो नाही, पण जेवणाच्या वेळी थांबून ताटे कशी ठेवतात, कोण कोणाजवळ बसते हे पाहिले. तेथे काही वावगे दिसले नाही. तिसऱ्या ठिकाणी संध्याकाळी आरती होते. आमची आजी त्रिसरण घेईल, चालेल का, असे विचारले. बाई म्हणाल्या, “घेऊ द्या की. शेजारच्या मावशी नमाज पढतात.”

परदेशात या कामासाठी सरकारी तपासनीस असतात. इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन नावाची संस्था वृद्धांची निवासगृहे तपासते आणि चांगले, सुधारणा हवी, अपुरे अशा श्रेणी जाहीर करते. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने शुश्रूषागृहातील माणसाला सोयीसाठी बांधून ठेवण्यावर निर्बंध आले आणि २००८ पासून तेथे तारे देण्याची पद्धत आहे. तेथेही अनागोंदी होते, पण निदान ती छापून येते. आपल्याकडे आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्यात राज्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेले वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने काढावेत आणि त्यांची मानके ठरवावीत असे म्हटले आहे, पण शब्द ‘काढू शकेल’ असा आहे. सर्वच वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जा सक्तीचा करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण २०२४ मध्ये त्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत मंजूर झाले नाही. तेव्हा तपासनीस आपणच.

तिसरे ठिकाण पत्र्याच्या छताचे. उन्हाळ्यात तापते, हा त्याचा दोष. पण आया प्रत्येकीला नावाने हाक मारीत होती, कमोडची खुर्ची खाटेला लागून होती, दर महिन्याला वजन लिहिले जात होते, आणि ‘केव्हाही या, जेवणाच्या वेळीही या’ असे त्यांनी आपणहून सांगितले. पहिल्या ठिकाणी भेटीची वेळ रविवारी चार ते पाच एवढीच होती. आजीला काय वाटते हेही विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पोरगी शिकंल का?” शिकेल, असे सुनेने सांगितले. “मंग जाते.”

फी महिना आठ हजार. सून चार हजार देते, नणंदेने अडीच हजार कबूल केले, दीड हजार श्रावणबाळचे. कापडी पट्ट्या, डायपर, डॉक्टर हा खर्च वेगळा, तो आधी कोणी सांगत नाही, विचारून घ्यावा लागतो. तिसऱ्या महिन्यात आजीच्या टाचेवर लाली दिसली. ती घरच्यांनी शोधून काढली नाही, आयानेच फोन करून कळविले. टाचेखाली उशी देऊन पाय अधांतरी ठेवला आणि आठ-दहा दिवसांत लाली गेली.

कोठे हेळसांड दिसली, कोणी वृद्धाला मारहाण करीत असले किंवा घराबाहेर काढले असले तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. मुलगा कमावता असून पोसत नसेल तर प्रांत अधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात साध्या कागदावर अर्ज करता येतो आणि महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो.

त्या पत्र्याच्या आश्रमात अकरा जणी अशा आहेत की ज्यांना भेटायला वर्षभर कोणी येत नाही. पडेगावच्या महिला मंडळाने दर पौर्णिमेनंतरच्या रविवारी तेथे जायचे ठरविले आहे. वेळ आधी कळवायची नाही, जाताना फळे न्यायची आणि प्रत्येकीच्या टाचा पाहायच्या.