दीपगृहाचे तेल कोणी घालावे?

खानदेशातून समुद्र दिसत नाही. तरीही जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची दीपगृहाशी गाठ पडतेच. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मध्ये दिलेले हे उदाहरण आजही वर्गात टिकून आहे. एका जहाजाने प्रकाश वापरला म्हणून तो दुसऱ्यासाठी कमी होत नाही. पैसे न देणाऱ्यापासून तो लपविताही येत नाही. मग त्या दिव्यात तेल कोणी घालावे?

तामिळनाडूत मामल्लपुरम येथे दीपगृहांचे संग्रहालय आहे. दीपगृहाचे जुने भिंग प्रत्यक्ष पाहिले, म्हणजे या प्रश्नाचे वजन कळते. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या रचनेनुसार काचेच्या लोलकांची कडी एकाभोवती एक बसविलेली असतात आणि चहूकडे फाकणारा प्रकाश ती एका झोतात आणतात. अशी काच, तेल आणि रात्रभर जागणारा माणूस यांतले काहीच फुकट मिळत नसे.

रोनाल्ड कोझ यांनी १९७४ मध्ये याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासातून दिले. प्रकाश अडविता येत नसला, तरी जहाज बंदरात थांबतेच. कर तेथे घेता येतो. भारताच्या १९२७ च्या दीपगृह कायद्यात हीच तरतूद होती आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यातही ती आहे. मुंबईजवळचे प्राँग्ज दीपगृह १८७५ मध्ये उभे राहिले, त्या काळात खानदेशचा कापूस रेल्वेने मुंबईस जाऊन जहाजांत चढत होता. दीपगृहांच्या खर्चाचा भार जहाजाच्या भाड्यातून शेवटी कापसाच्या भावावरही थोडाबहुत पडत असणार. समुद्र न पाहिलेला शेतकरीही त्या दिव्याचा भागीदार होता.

आज उपग्रह जहाजांना वाट दाखवितात. दीपगृहांना वारशाचा दर्जा देण्याची सोय २०२१ च्या कायद्याने केली, हे योग्यच झाले. परंतु जतन केलेल्या दिव्यासमोरून जहाजे जात नाहीत. संग्रहालयाला कर गोळा करण्यासाठी बंदर नसते.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्येच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. तेथील कागदपत्रांचा व वस्तूंचा प्रकाश, कधी धुळ्यास न आलेल्या वाचकापर्यंतही, पुस्तकांतून पोहोचतो. अशा संस्थांना शासनाने अनुदान द्यावे, हे अर्थशास्त्रास धरून आहे. परंतु आपणही तेथे जावे, विद्यार्थ्यांना न्यावे आणि यथाशक्ति वर्गणी द्यावी. प्रकाश घेणाऱ्या प्रत्येकाने तेलाची जबाबदारी दुसऱ्यावर टाकली, तर दिवा फार काळ जळत नाही.