कोरडी माशी : पिसांच्या पंखांचे प्रकार

ट्राउट मासे धरण्यासाठी गळावर पिसे, लोकर, दोरा इ. बांधून केलेल्या कृत्रिम कीटकास ‘माशी’ आणि पाण्यावर तरंगत ठेवावयाच्या माशीस ‘कोरडी माशी’ म्हणतात. तिच्या पंखांना नावे तीन गोष्टींवरून पडली आहेत : पंखांची ठेवण, वापरलेले पीस व ते बांधण्याची रीत. त्यामुळे एकाच पंखाला एकाहून अधिक नावे लागू शकतात.

ठेवण मूळ कीटकावरून ठरते. पाण्यातून नुकतीच वर आलेली पूर्वप्रौढ मे-माशी पंख शिडासारखे उभे धरते. तिच्या नकलेतील पंख ‘अपराइट’ (उभे) आणि त्यांची जोडी फाकवून बांधल्यास ‘डिव्हायडेड’ (विभक्त) होत. अंडी घालून मरू लागलेली माशी पंख पसरून पाण्यावर पडते; तिच्यासाठी आडवे बांधलेले पंख ‘स्पेंट’ (गलित) होत. कॅडिस माशीचे पंख पाठीवर छपरासारखे उतरते असतात. त्यांना ‘टेंट’ (तंबू) म्हणतात.

‘क्विल’ पंखासाठी बदक, स्टार्लिंग इ. पक्ष्यांच्या डाव्या व उजव्या पंखांतील जोडीच्या पिसांतून एकेक पट्टी कापतात. एकाच बाजूच्या दोन पट्ट्यांचा बाक जुळत नाही. फ्रेडरिक हॅल्फर्ड यांच्या फ्लोटिंग फ्लाइज अँड हाऊ टू ड्रेस देम (१८८६) या इंग्रजी ग्रंथामुळे अशा माश्यांना पद्धतशीर रूप आले. हे पंख हुबेहूब दिसतात. परंतु लवकर विरतात आणि असमान बसल्यास फेकताना माशी गरगरून दोरीला पीळ पडतो. थीओडोर गॉर्डन (१८५४–१९१५) यांच्यापासून चालत आलेल्या अमेरिकेतील कॅट्स्किल पद्धतीत वुड डक बदकाच्या कुशीच्या पिसांचे तंतू गुंडाळून जुडी करतात. हा ‘रोल्ड’ पंख अधिक टिकतो. ‘हॅकल पॉइंट’ म्हणजे कोंबड्याच्या मानेच्या पिसांची टोके. १९२२ मधील ‘ॲडम्स’ ही माशी त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘फॅन’ (पंखा) प्रकारात बदकाच्या छातीची अखंड पिसे लावतात. ती हवा धरतात, त्यामुळे माशी अलगद उतरते. मात्र पीळ पडण्याचा दोष यातही आहे. कात्रीने आकार दिलेले अखंड पीस म्हणजे ‘कट’ पंख.

व्हिन्सेंट मारिनारो यांच्या ‘जॅसिड’ (तुडतुडा) माशीत पाठीवर सपाट बसविलेला पंख रानकोंबड्याच्या मानेच्या, मेणचट ठिपक्याच्या पिसाचा असतो. सह्याद्रीतही आढळणाऱ्या या करड्या रानकोंबड्याची (गॅलस सोनेराटी) पिसे भारतातून निर्यात होत. पक्ष्यांची फार हत्या झाल्याने निर्यातीवर बंदी आली. आता परदेशी कारागीर तेथे पाळलेल्या पक्ष्यांची किंवा पर्यायी पिसे वापरतात.