दीड तासाचा संयम

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. तेथे सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा झाला, की बंधन सुटते. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर भरली. मात्र शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातून तो सुटेना. म्हणून 14 ऑगस्ट 2022 रोजी ग्रामस्थांनी एकत्र बसून हा निर्णय घेतला व दुसऱ्याच दिवशी, स्वातंत्र्यदिनी, तो अमलात आणला. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराची प्रथम पुरुषमंडळींनी थट्टाच केली. पुढे स्त्रियांची सभा झाली. आपणही मालिकांच्या आहारी जात आहोत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि तेथून गाव वळले.

या प्रयोगाचे मर्म भोंग्यात नाही. नियम मुलांपुरता न ठेवता थोरांनीही तो स्वतःवर घालून घेतला, यात आहे.

कबनूर आणि इचलकरंजी परिसरातील व्यापारी कुटुंबांत ही गोष्ट अधिक कठीण आहे. सुताचे दर, मालाची मागणी, बँकेचे संदेश, सारे एकाच मोबाइलवर येते. आणि मूल रडू लागले, की तोच मोबाइल त्याच्या हाती दिला जातो. पेढीची तिजोरी ज्या घरात मुलांच्या हाती कधी दिली जात नाही, त्याच घरात खात्याची किल्ली मात्र खेळणे होऊन बसते. म्हणून पहिली दक्षता हीच, की व्यवहाराचा मोबाइल वेगळा असावा. त्याचा पिन मुलांना ठाऊक नसावा. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे मात्र मुलांना अवश्य शिकवावे.

दुसरा धोका पैशाहून मोठा आहे. खेळात सोबत खेळणारा अनोळखी ‘मित्र’ हळूहळू विश्वास संपादन करतो, छायाचित्र मागतो आणि मग तेच छायाचित्र दाखवून धमकावतो. त्याचे सारे बळ एका गोष्टीवर उभे असते: मूल घरी सांगणार नाही. मूल का सांगत नाही? मार बसेल, मोबाइल जाईल, घराण्याचे नाव जाईल, या भीतीने. व्यापारी घराला पत प्राणाहून प्रिय; पण चार माणसांत बोभाटा होईल म्हणून गप्प बसणे हेच धमकावणाऱ्याला हवे असते. ‘काहीही घडले तरी प्रथम आम्हाला सांग, आम्ही रागावणार नाही’ हे वाक्य संकट येण्यापूर्वीच मुलांच्या कानी पडले पाहिजे, आणि प्रसंगी पाळलेही पाहिजे. असे घडल्यास संदेश पुसू नयेत, पैसे देऊ नयेत आणि पोलिसांकडे जावे. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2012 चा पॉक्सो कायदा आहे. संकटातील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास त्याच क्षणी बँकेला आणि 1930 या क्रमांकावर कळवावे. विलंबाने रक्कम खात्याखात्यांतून पुढे निघून जाते. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 साली संमत केला, हेही वाढत्या वयाच्या मुलांना सांगावे.

आरोग्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची कमाल मर्यादा सांगितली आणि त्याहून लहान मुलांना पडद्यापासून दूरच ठेवण्याचा सल्ला दिला. मोठ्या मुलांची झोप जपावी. रात्री मोबाइल त्यांच्या उशाशी नव्हे, तर दिवाणखान्यात ठेवावा. मैदानावरील उजेडातला खेळ डोळ्यांनाही हितकर असतो.

जैन श्रावकाला यातील काहीच परके नाही. अनर्थदंडव्रतात ज्या पाच निरर्थक पापांचा त्याग सांगितला आहे, त्यांतील एक ‘दुःश्रुति’ होय. मन कलुषित करणारे ऐकणे-वाचणे ते हेच. आज ते पडद्यावरून घरात येते. दुसरे ‘प्रमादचर्या’, म्हणजे निष्कारण कृतीत वेळ दवडणे. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरांत सायंकाळी स्वयंपाकघर लवकर आवरलेले असते. सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे 48 मिनिटांचा. तेवढा वेळ सामायिकाला किंवा मुलांसह णमोकार आणि गोष्टींना दिला, तर उरलेली चाळीस-बेचाळीस मिनिटे अभ्यासाला सहज मिळतात. वडगावचा दीड तास तो एवढाच.

कठीण आहे ते वडिलांनी मोबाइल खाली ठेवणे. तातडीच्या कामासाठी कुणी आले, तर दार आहे. बाकीचे संदेश साडेआठपर्यंत थांबू शकतात. मुले उपदेश विसरतात, परंतु वडिलांचा हात कशाकडे जातो, ते रोज पाहतात. गावाला भोंगा लागतो. घराला एकाने आरंभ केला तरी पुरे.