कूलरमध्ये पाणी भरण्याआधी

आखाजी जवळ आली, की आपल्याकडे लेकी माहेरी येतात, नातवंडं येतात आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेला कूलर खिडकीशी येतो. पारा ४४-४५ अंशांवर गेल्यावर पहूरमध्ये दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. म्हणून आज आम्ही गटातल्या बाया कूलरच्या देखभालीबद्दल बोलणार आहोत.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातली एक ताई अंगण सारवून आली, हात ओलेच होते, पायात चप्पल नव्हती. कूलर चालूच होता. तिने बादली उचलली, पाणी ओतायला गेली आणि पत्र्याला कोपर लागलं. झटक्याने ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. हात चिकटला असता तर आज हे सांगायला आम्ही बसलो नसतो. वायरमनने उघडून पाहिलं, तर आत वायरचं आवरण उंदरांनी कुरतडलेलं होतं आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती. पावसाळाभर कूलर अडगळीत होता, तेव्हाच हे झालं असणार.

कूलरमध्ये पाणी कोण भरतं? घरातली बाई, नाहीतर पोरं. म्हणून पहिली गोष्ट ही, की पाणी भरण्याआधी, पुसण्याआधी, नुसता सरकवण्याआधीसुद्धा पिन सॉकेटमधून काढायची. बटण बंद करणं पुरत नाही. पुष्कळ घरांत बटण चुकीच्या तारेवर जोडलेलं असतं. पंखा थांबतो, पण करंट आतपर्यंत आलेलाच असतो. पिन काढताना हात कोरडे हवेत.

दुसरी गोष्ट अर्थिंग. तीन पायांच्या पिनेतला वरचा जाड पाय त्यासाठीच असतो. पत्र्यात करंट उतरला, तर तो आपल्या अंगातून न जाता त्या तारेने जमिनीत जावा, ही त्याची सोय. दोन पायांची पिन लावून, किंवा तार नुसतीच सॉकेटमध्ये खोचून कूलर चालवला, की ती सोय गेली. पिन तीन पायांची असली तरी घराचं अर्थिंग जिवंत आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या. मीठ-कोळशाचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो आणि कोरड्या मातीत करंट नीट उतरत नाही. त्यामुळे ज्या दिवसांत कूलर लागतो, त्याच दिवसांत अर्थिंग कमजोर असतं! त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाका. जमलं तर बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळू लागताच ती क्षणात वीज तोडते. साधी एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, हे आम्हालाही नव्यानेच कळलं.

आणि कोणाला शॉक बसलाच तर ओढायला धावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्या माणसाला बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा.

आता थंडाव्याचं. कूलर आपल्या माठासारखाच आहे. माठातून पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. इथे ओल्या गवतातून जाणारी हवा तशीच गार होते. हवा कोरडी असेल तोवरच हे चालतं. म्हणून खानदेशात कूलर गारवा देतो आणि कोकणात देत नाही. आपल्याकडेही पहिला पाऊस झाला की चिकचिक होते. बऱ्याच जणी कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करतात. तसं करू नका. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, दमट हवा बाहेर गेली पाहिजे.

गवताच्या ताट्या दर उन्हाळ्याला बदला. वाळ्याच्या असतील तर वासही छान येतो. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे वरच्या नळीची भोकं पांढऱ्या थराने बुजतात आणि ताटी अर्धी कोरडीच राहते. दाभणाने भोकं मोकळी करा, पंपाची जाळी ब्रशने घासा. पाणी संपल्यावर पंप कोरडा फिरू देऊ नका, तो जळतो.

ज्यांच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्या म्हणतील, टाकीतलं पाणी फेकायचं कसं? जीव तुटतो खरा. पण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करा, आणि नुसती रिकामी नाही, कडा काथ्याने घासा. अंडी काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. काढलेलं पाणी गटारात नको, तापलेल्या मातीवर ओता. अळ्या तिथेच मरतात.

गल्लीत आता एकदोन घरांत एसीही आले आहेत. त्यांच्यासाठी थोडक्यात: जाळी दर पंधरा दिवसांनी काढून साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा, बाहेरच्या डब्यावरची धूळ साफ ठेवा, २४-२६ अंशांवर एसी लावून सोबत पंखा चालवा. एसीतला गॅस वापरून संपत नसतो. दर वर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायला सांगा.

गटाच्या पैशातून आम्ही एक टेस्टर घेतला आहे. कूलर लावल्यावर पाणी भरायच्या आधी तो पत्र्याला टेकवून पाहतो. दिवा लागला, की पिन काढायची आणि वायरमन येईपर्यंत कूलरला हात लावायचा नाही. दिवा लागला नाही म्हणून अर्थिंग तपासणं मात्र सोडायचं नाही. या आठवड्यात टेस्टर कसब्यात आहे, पुढच्या आठवड्यात पेठेत येईल. ज्यांना हवा असेल त्यांनी बैठकीत सांगून ठेवा.