गाणं पोरांचं, शेत आपलं

पावसाळ्यात कृषी महाविद्यालयाचे कृषिदूत, कृषिकन्या कार्यानुभवासाठी गावात येतात. ही पोरं सुरक्षित फवारणीवर गाण्याची चित्रफीत काढू म्हणाली, तर हसण्यावारी नेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, हे विसरून कसं चालेल?

चित्रण आधी कागदावर आखा. गाणं तीन मिनिटांचं, गोष्ट एकच, कडव्यागणिक एक दृश्य. पहिल्यात डब्यावरचा त्रिकोण : तांबडा सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. दुसऱ्यात हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. तिसऱ्यात वाऱ्याच्या दिशेने फवारणी, शेवटी साबणाने अंघोळ. पंपात मात्र साधं पाणीच भरा. पडद्यावरचा गडी उघड्या अंगाने फवारताना दिसला, तर बोल कितीही चांगले असोत, बघणारा तेच उचलेल.

जाहिरातीचं चित्रही तसंच. चावडीच्या भिंतीवरचं पोस्टर रस्त्यावरून वाचता यावं. चित्र एक, ठळक ओळ एक, खाली दिवस, वेळ, ठिकाण. औषध कंपनीचं नाव नको, नाहीतर गाणं विक्रीचं वाटेल. औषधाची मात्राही नको; ती पिकागणिक, किडीगणिक बदलते. ‘लेबल वाचा’ एवढं पुरे. छापण्याआधी कृषी खात्याच्या माणसाला दाखवा.

सरपंच मंडळींनी चावडीपुढची जागा द्यावी आणि फवारणीचा जोर वाढायच्या आत गाणं दाखवावं. एका गड्याने जरी मोजे चढवून पंप उचलला, तरी पोरांचे कष्ट फळाला आले म्हणायचे.